लक्झेंबर्गमध्ये सहा वर्षं, वय ३३, जोडीदार मिळत नाही. ठाण्याला परत यावं का?

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर तुला लगेच दिसेल.

तू पाचपाखाडीत वाढलीस. २०१९ पासून लक्झेंबर्गमध्ये आहेस, काम गुंतवणूक फंडांच्या हिशेबाचं. नोकरी पक्की, घर भाड्याचं, फ्रेंच ऑफिसपुरतं येतं. दोन वर्षं डेटिंग अ‍ॅपवर आहेस, पण तिथे तेच तेच चेहरे फिरून येतात. दोघांशी जरा जुळत आलं होतं. एकाची बदली झाली, दुसरा करार संपल्यावर लिस्बनला निघून गेला. इकडे आईनं तुझं नाव विवाहसंस्थेत घातलंय. मुलाकडचे विचारतात, "मुलगी परत कधी येणार?" आणि बोलणं तिथेच थांबतं. डिसेंबरात तू तीन आठवड्यांसाठी येणार आहेस आणि आईनं बारा स्थळं लावून ठेवली आहेत. तू विचारते आहेस, परत यावं का, आणि माझ्यातच काही खोट आहे का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही. तू जे लिहिलं आहेस त्यात खोट दिसावी असं काहीही नाही. गेल्या दोन वर्षांत इतक्या जणांनी इतक्या वेगवेगळ्या कारणांनी नाही म्हटलं की माणूस आपोआप स्वतःकडे बोट दाखवायला लागतो. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून हा प्रश्न विचारणाऱ्या मुली मी नेहमी पाहते. त्यातल्या बऱ्याच जणींचा प्रश्न स्वभावाचा नसतो, ठिकाणाचा असतो.

मी नौपाड्यात २३ वर्षं वधू-वर सूचक केंद्र चालवते. सुरुवातीला दहा फॉर्ममागे एखादा परदेशातला असायचा. आता माझा अर्धा दिवस त्याच कामात जातो, कारण घोडबंदर रोडच्या सोसायट्या असोत की खारघरच्या, घरटी एक मूल बाहेर आहे. तुला 'तू' म्हणते, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या प्रश्नात 'सध्या तरी' हे शब्द तीन वेळा आले आहेत. 'सध्या तरी इथेच आहे.' 'सध्या तरी घर घेण्याचा विचार नाही.' 'सध्या तरी परत यायचं ठरलेलं नाही.' मला वाटतं तुझी अडचण या दोन शब्दांत आहे. तिकडचा मुलगा दुसऱ्या भेटीत विचारतो, "तू इथे किती दिवस आहेस?" इकडची मुलाची आई विचारते, "परत कधी येणार?" दोघांचा प्रश्न एकच आहे आणि दोघांना तू एकच उत्तर देतेस. ज्याला तिथे मुळं धरायची आहेत तो ते ऐकून मागे सरतो. ज्याला ठाण्यात संसार हवा आहे तोही मागे सरतो. मग उरतात ते तुझ्यासारखेच 'सध्या तरी'वाले, आणि ते निघून जातात. लिस्बनला गेला तो त्यातलाच.

मोठ्या शहरात हे खपून जातं. लंडनमध्ये माणूस दहा वर्षं 'सध्या तरी' म्हणत काढतो आणि त्यात लग्नही होऊन जातं, कारण माणसंच तेवढी आहेत. लक्झेंबर्गचं तसं नाही. अख्ख्या देशाची लोकसंख्या पावणेसात लाखांच्या आसपास. आपल्या नुसत्या ठाणे महापालिकेच्या हद्दीत २०११ च्या जनगणनेत १८ लाखांवर माणसं होती. पालघर वेगळा झाल्यावर उरलेला ठाणे जिल्हासुद्धा क्षेत्रफळानं त्या देशापेक्षा मोठा आहे. त्या पावणेसात लाखांतले जवळजवळ निम्मे परदेशी, आणि त्यांच्यात पोर्तुगीज सर्वांत जास्त. शिवाय दोन लाखांवर माणसं रोज फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून कामाला येतात आणि संध्याकाळी आपल्या देशात परत जातात. म्हणजे तू दुपारी जेवायच्या रांगेत ज्यांना बघतेस त्यांतले कितीतरी जण रात्री त्या देशात नसतातच. यांतून तुझ्या वयाचे, अविवाहित, पुढची काही वर्षं तिथेच राहणारे आणि तुझ्याशी एका भाषेत मनमोकळं बोलू शकणारे किती उरतील, बघ. अ‍ॅपवर तेच चेहरे दिसतात कारण तेवढेच आहेत. तिथे आणखी दोन वर्षं बोट फिरवून नवे चेहरे उगवणार नाहीत.

म्हणून जोडीदार शोधायच्या आधी एक ठरव: पुढची पाच वर्षं कुठे? आयुष्यभराचं ठरवायला मी सांगत नाही, ते कुणालाच ठरवता येत नाही. फक्त पाच वर्षं.

काय ठरवावंस हे मी सांगू शकत नाही, ते तुझ्या परिस्थितीवर आहे. आईवडिलांची तब्येत कशी आहे, भाऊ-बहीण जवळ आहे का, नोकरीत पुढे वाट आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथली सकाळ तुला आवडते का. परत येण्याबद्दल माझा अनुभव एवढाच सांगते. ज्या मुली ठाण्यासाठी परत आल्या, म्हणजे आईजवळ राहायचं होतं, इथली माणसं, इथला पाऊस, तलावपाळीवरची संध्याकाळ हवी होती, त्या टिकल्या. ज्या फक्त स्थळासाठी परत आल्या त्यांना फार जड गेलं. नोकरीत खालच्या पायरीवरून सुरुवात, आणि पहिली पाच स्थळं फिस्कटली की रोज रात्री तोच विचार: यासाठी तिकडचं सोडलं? तुझ्या क्षेत्रातली कामं ऐरोली-घणसोलीकडेही मिळतील, पण स्थळासाठी नोकरी सोडू नकोस. नोकरी सोडायची तर ठाण्यासाठी सोड.

एक गोष्ट मात्र तुझ्या हातात आहे आणि ती निर्णयाला मदत करेल. तिथे कायदेशीर वास्तव्याची पाच वर्षं झाली की नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, लक्झेंबर्गिश भाषेची परीक्षा द्यावी लागते. तुझी सहा झाली आहेत. ते घेतलंस तर भारतीय पासपोर्ट परत करावा लागेल, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांसाठी असलेलं ओसीआय कार्ड मिळतं, पण ते नागरिकत्व नव्हे. तू अर्ज करावास असं मी म्हणत नाही. एका रविवारी बसून 'मी हा अर्ज भरेन का?' एवढंच स्वतःला विचार. पोटातून काय उत्तर येतं ते बघ. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला तिचं खरं उत्तर या एका प्रश्नानं मिळालं. तोवर दोन वर्षं ती आईला एक आणि मैत्रिणींना दुसरं सांगत होती.

समजा उत्तर 'लक्झेंबर्गमध्येच राहायचं' असं आलं. तर मग दोन वाटा आहेत, तिथला माणूस किंवा इथून तिथे यायला तयार असलेला माणूस. दोन्ही वाटांवर एकदम चालायला हरकत नाही, पण दोन्हींची रीत वेगळी आहे.

तिथल्या माणसाबद्दल आधी. लहान देशात लग्नं अनोळखी माणसांतून फारशी होत नाहीत, ओळखीच्या ओळखीतून होतात. आपल्याकडेही पन्नास वर्षांपूर्वी असंच होतं की. नौपाड्यात, खारकर आळीत कुणाची मुलगी लग्नाची आहे हे सगळ्या आळीला माहीत असायचं, आणि स्थळ यायचं ते मावशीच्या नणंदेकडून. लक्झेंबर्ग ही तशी आळीच आहे. तिथली माणसं शाळेपासूनच्या मित्रांत रमलेली असतात आणि त्या गोतावळ्यात बाहेरून शिरणं अवघड असतं. पण एकदा एका घरात शिरकाव झाला की पुढची चार घरं आपोआप उघडतात. म्हणून अ‍ॅप तीन महिने बंद ठेव आणि ज्या ठिकाणी तीच पंधरा-वीस माणसं दर आठवड्याला भेटतात अशा एका ठिकाणी वर्षभर न चुकता जा. गाण्याचा गट असेल, गावचं वाद्यपथक असेल, डोंगरवाटा चालणारी मंडळी असतील, अग्निशमन दलातले स्वयंसेवक असतील. दर महिन्याला नवा कार्यक्रम, नवी पार्टी करणाऱ्याला शेकडो माणसं भेटतात पण त्यांतलं ओळखीचं कुणी होत नाही. एका जागी वर्षभर जाणाऱ्याला सहाव्या-सातव्या महिन्यात कुणीतरी घरी जेवायला बोलावतं. तुला जे हवं आहे ते त्या जेवणापासून सुरू होतं. तिथे ज्याच्याशी ओळख होते त्याच्याबद्दल तुला आधीच चार गोष्टी माहीत असतात, त्यालाही तुझ्याबद्दल असतात. आम्ही चौकशी करतो म्हणजे हेच तर करतो.

भाषेचं तू प्रश्नात एका ओळीत आटोपलंस. मी त्यावर जास्त बोलणार आहे. फ्रेंचवर तुझं ऑफिस चालतं, दुकान चालतं, डॉक्टर चालतो. पण घरी, आईशी, लहानपणच्या मित्रांशी ती माणसं लक्झेंबर्गिश बोलतात. आपल्याकडे दहा वर्षं राहून फक्त हिंदी बोलणाऱ्या शेजाऱ्याशी आपण प्रेमानं वागतो, पण तो 'काय काकू, जेवलात का?' म्हणाला की त्याच्याशी वेगळंच नातं होतं, तसंच हे. त्या देशाच्या कायद्यात यासाठी एक चांगली सोय आहे. नोकरी करणाऱ्या परदेशी माणसाला लक्झेंबर्गिश शिकायला एकूण २०० तासांची पगारी भाषा-रजा मिळू शकते. त्याच मालकाकडे निदान सहा महिने काम झालेलं हवं आणि मालकाची संमती लागते. ही रजा घेतलीस का, हे मी एका मुलाला विचारलं तर त्याला चार वर्षं राहून तिचं नावही माहीत नव्हतं. तू घे. नागरिकत्वाचं पुढे काहीही ठरो, वर्गात भेटणारी माणसं तिथे राहायचं ठरवून आलेली असतात. तुला 'सध्या तरी'वाल्यांच्या बाहेर पडायचं आहे ना, मग यापेक्षा चांगली चाळणी मला दुसरी माहीत नाही.

आणखी एक, नकाराबद्दल. आमच्या धंद्यात नकार देण्याची एक रीत आहे: 'पत्रिका जुळत नाही.' कुणालाच लागत नाही आणि दोन्ही घरं पुढे लग्नकार्यात हसून बोलतात. तिथे पत्रिका नाही, म्हणून लोक उत्तर द्यायचंच टाळतात, मेसेज वाचून गप्प बसतात. मोठ्या शहरात तो माणूस परत भेटत नाही. लक्झेंबर्गमध्ये तो पुढच्या सोमवारी किर्चबर्गच्या ट्राममध्ये तुझ्यासमोर उभा असणार, आणि त्याची सहकारी तुझी शेजारीण असणार. म्हणून भेटीनंतर एका दिवसात दोन ओळींत स्पष्ट सांग: भेटून बरं वाटलं, पण पुढे जावंसं वाटत नाही. असं सांगितलं की त्याला राग येत नाही, उलट पुढे तोच आपल्या मित्राजवळ तुझं नाव काढतो. लहान गावात नीट नाही म्हणणाऱ्या मुलीची चांगली ओळख होते, हे मी खरंच पाहिलं आहे.

आणि दुसऱ्या भेटीत, लाज न बाळगता, करार कधी संपतो हे विचार. तुझं आधी सांग, मग त्याचं विचार. पगार विचारण्याइतकं हे खाजगी नाही.

आता ठाण्याची वाट. इथे तुझ्यापुढे जी अडचण आहे ती मुलग्यांपुढे नसते, आणि ते मला मनापासून खुपतं. मुलगा लक्झेंबर्गला असता तर त्याच्या फॉर्मवर 'परदेशात स्थायिक' लिहिलेलं बघून लोकांनी रांग लावली असती. त्याच्या बायकोनं नोकरी सोडून जायचं हे कुणी विचारतही नाही. मुलगी तिथे असली की मुलानं जायचं, आणि मग घरात सगळे गप्प होतात. गेल्याच महिन्यात कोपरीहून एक आई-मुलगा आले होते. मुलगा ३४ वर्षांचा, समंजस. तुझ्यासारख्याच एका मुलीचं स्थळ मी पुढे केलं. आईनं फॉर्म वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "म्हणजे आमचा तिच्या घरी जाऊन राहणार?" मुलानं काही म्हणण्याआधीच फॉर्म माझ्याकडे परत आला. त्या मुलाचा हात मात्र फॉर्मच्या दिशेनं पुढे आला होता, तो मी पाहिला. दोन दिवसांनी त्यानं एकट्यानं फोन केला. ते स्थळ पुढे सरकेल की नाही मला माहीत नाही, पण असे मुलगे आहेत. ते आईच्या मागे बसलेले असतात आणि त्यांच्यापर्यंत पोचायचं तर फॉर्ममध्ये सगळं इतकं स्वच्छ लिहिलेलं हवं की त्यांना स्वतःला उत्तर देता यावं.

तुझ्या आईनं पाठवलेल्या बायोडेटात 'सध्या लक्झेंबर्ग येथे कार्यरत' असं लिहिलं असेल. तो शब्द काढ. त्या जागी हे लिही: 'मी २०१९ पासून लक्झेंबर्गमध्ये राहते आणि पुढची किमान पाच वर्षं तिथेच राहणार आहे. तिथे यायची तयारी असलेल्या मुलाशीच बोलायला आवडेल. कुटुंब म्हणून आलेल्या जोडीदाराला तिथे नोकरी करण्याची मुभा आहे. नोकरी मिळेपर्यंतचा घरखर्च मी चालवू शकते आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.' शेवटचं वाक्य लिहायला आई विरोध करेल. तरी लिही. याने बारापैकी नऊ स्थळं गळतील. ती नऊ तशीही गळणारच होती, फक्त तुझ्या रजेचे नऊ दिवस खाऊन.

मुभा आहे याचा अर्थ नोकरी मिळते असा नाही, हे मुलाला तूच सांग. आयटीत किंवा फंडांच्या कामात इंग्रजीवर जमतं. सिव्हिल इंजिनिअर, वकील, शिक्षक, बँकेच्या शाखेतला अधिकारी यांना फ्रेंच-जर्मनशिवाय जड जाईल. मुलाचं शिक्षण विचारताना हे मनात ठेव. पत्रिकेतले गुण नंतर बघ.

कळव्याचं एक जोडपं सांगते, नावगाव बदलून. मुलगी बेल्जियममध्ये नोकरीला, मुलगा इथे एका कारखान्यात उत्पादन विभागात. लग्नानंतर तो तिकडे गेला आणि आठ महिने त्याला काम मिळालं नाही. तो दिवसभर भाषेच्या वर्गाला जायचा आणि संध्याकाळी बायकोची ट्राम यायच्या वेळी थांब्यावर जाऊन उभा राहायचा. हिवाळ्यात तिकडे साडेचारला अंधार पडतो. त्यानं मला नंतर सांगितलं की तो अर्धा तास त्याचा दिवसातला सगळ्यात चांगला वेळ असायचा आणि सगळ्यात वाईटही, कारण घरी गेल्यावर ती दिवसाचं सांगायची आणि त्याच्याकडे सांगायला काही नसायचं. तरी ते टिकले. का टिकले हे मी दोघांना वेगवेगळं विचारलं आणि दोघांनी एकच सांगितलं: जाण्याआधीच ठरलं होतं की पहिलं वर्ष नोकरी नाही असंच धरायचं, आणि दर महिन्याच्या एक तारखेला ठरावीक रक्कम त्याच्या खात्यात आपोआप जमा होईल. त्याला एकदाही पैसे मागावे लागले नाहीत. मी तेव्हापासून प्रत्येक जोडप्याला हे विचारते: तिकडे जाणाऱ्याला पैसे मागावे लागणार आहेत का? मुलगी जात असो वा मुलगा. हा प्रश्न साखरपुड्याआधी सुटला पाहिजे.

माझ्याकडून झालेली एक चूकही सांगते, कारण तुझा डिसेंबर मला तिची आठवण करून देतो. २०१४ साली मी एक लग्न सतरा दिवसांत जुळवलं. मुलगा बाहेरचा, रजा तीन आठवड्यांची. घरं चांगली, पत्रिका छान, सगळे खूश. मुलगी जूनमध्ये गेली. उन्हाळ्यात तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो, तिचे फोटो बघून तिच्या आईनं मला पेढे आणून दिले. नोव्हेंबरात तिचा फोन आला. ती बोललीच नाही बराच वेळ, नुसती रडत होती. रविवारी दुकानं बंद, नवरा थकलेला, खिडकीबाहेर दुपारीच संध्याकाळ. पुढच्या मार्चमध्ये ती परत आली. मुलगा वाईट नव्हता, मुलगीही नाही. त्या दोघांना एकमेकांशी कंटाळलेल्या संध्याकाळी बोलता येतं का, हे बघायला मी त्यांना वेळच दिला नव्हता. सतरा दिवसांत फक्त चांगले कपडे घातलेली माणसं भेटतात. त्यानंतर माझा नियम झाला. परदेशातल्या स्थळात निदान चार महिने बोलणं, आणि शक्य असेल तर जाणाऱ्यानं लग्नाआधी एकदा ते गाव हिवाळ्यात बघून येणं. तुझ्या बाबतीत मुलगा येईल. त्याला पर्यटक व्हिसावर दोन आठवडे बोलाव, आणि जुलैत नको, जानेवारीत बोलाव. घरच्यांना बरं वाटावं म्हणून तो दुसरीकडे राहिला तरी चालेल. त्याला तुझ्याबरोबर भाजी आणायला ने, एका रविवारी काहीच न करता घरी बसवून ठेव, तुझे दोन मित्र भेटव.

मधली एक वाट लोक विसरतात. तुझ्यापासून तीन-चार तासांत ब्रुसेल्स, कलोन, फ्रँकफर्ट, पॅरिस येतं, आणि त्या पट्ट्यात मराठी माणसं बरीच आहेत. गणपतीला, दिवाळीला त्यांचे कार्यक्रम होतात. आईच्या यादीतल्या बारा जणांना त्या थंडीची कल्पनाच नाही, आणि फ्रँकफर्टमध्ये राहणाऱ्याला ती समजावून सांगावी लागत नाही. फक्त एक लक्षात ठेव: आपल्या पासपोर्टवाल्यांचा नोकरीचा परवाना त्या त्या देशापुरता असतो. तो जर्मनीच्या परवान्यावर आणि तू लक्झेंबर्गच्या, तर दर शनिवारी भेटणं सोपं आहे, एका घरात राहणं म्हणजे एकाला नोकरी आणि परवाना दोन्ही बदलावं लागणं. कोण बदलणार हे सहा महिन्यांच्या आत बोला. अशी दोन नाती मी बघितली जी चार वर्षं रेल्वेनं चालली आणि शेवटी याच एका न बोललेल्या गोष्टीवर थांबली.

कागदांबद्दल पटकन सांगते, कारण यात माणसं घाईनं फसतात. मुलगा हिंदू असेल आणि इथे विधीनं लग्न झालं तर नोंदणी महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात होते. तो प्रमाणपत्राचा कागद तिकडे चालण्यासाठी त्यावर आधी राज्य सरकारचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मारलेला शिक्का, लागतो. तिकडच्या मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडून भाषांतर करून घे. मुलगा परधर्मीय किंवा परदेशी असेल आणि लग्न ठाण्यात करायचं असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यात नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात ३० दिवस राहिलेलं हवं आणि नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबावं लागतं. तीन आठवड्यांच्या रजेत हे बसत नाही, कुणी 'करून देतो' म्हणालं तरी नाही. लग्न तिथे करायचं असेल तर आधी नगरपालिकेत नागरी विवाह, धार्मिक विधी नंतर. शिवाय तिथे लग्नाऐवजी जोडीदार म्हणून नोंदणी करण्याचीही सोय २००४ च्या कायद्यानं आहे. तिथला मुलगा कदाचित तीच सुचवेल, त्याच्या दृष्टीनं ती गंभीरच गोष्ट असते. पण तुझ्या आईसाठी ते लग्न नाही, आणि आपला कायदाही त्याला लग्न मानत नाही. पुढे त्याला ओसीआय कार्ड हवं असेल तर नोंदणी झालेलं लग्न आणि त्याला दोन वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात. तेव्हा त्याच्याशी आणि आईशी हे वेगवेगळं, पण आधीच बोल.

आईबद्दल तू लिहिलंस की ती रोज फोनवर हाच विषय काढते. तिला राग येऊ देऊ नकोस, पण तिला दुसरं काम दे. बारा घरांत 'आमची मुलगी परत येईल हो' असं ती सांगत असणार, आईला दुसरं काय सुचणार? ते थांबायला हवं, कारण त्या एका वाक्यामुळे चुकीची स्थळं दारात येतात. तिला नवा बायोडेटा दे आणि सांग, या चार ओळी न बदलता वाचून दाखव आणि समोरच्यानं काय म्हटलं ते मला कळव. माझ्या अनुभवात आयांना काळजीपेक्षा हातात काही नसल्याचा त्रास जास्त होतो.

वयाचा उल्लेख तू ओझरता केलास. मूल हवं असेल तर इथे आल्यावर एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटून घे, स्वतःच्या माहितीसाठी. ते कुणाला सांगायची गरज नाही. त्यानं 'उशीर झाला, उशीर झाला' हा आवाज निदान मोजता येण्याजोगा होतो, आणि घाईत होकार देण्याची पाळी येत नाही.

डिसेंबरचं असं कर. पहिला आठवडा एकही बघण्याचा कार्यक्रम ठेवू नकोस. झोप, आईच्या हातचं जेव, बाबांबरोबर तलावपाळीला चक्कर मार आणि पाच वर्षांचं तुझं उत्तर त्या दोघांना समोर बसून सांग, फोनवर नको. नवा बायोडेटा वाचूनही जी दोन-तीन स्थळं उरतील त्यांच्याशी तू येण्याआधीच, ऑक्टोबरपासून, व्हिडिओवर बोलायला लाग. दुसऱ्या आठवड्यात त्यांना भेट, प्रत्येकाला निदान दोनदा, एकदा घरी आणि एकदा बाहेर. बाहेर म्हणजे मॉलमध्ये नाही. उपवनच्या तळ्याला चालत फेरी मारा, चालताना माणसं खरं बोलतात. तिसऱ्या आठवड्यात होकार-नकार काहीही देऊ नकोस, फक्त ज्याच्याशी बोलत राहावंसं वाटतं त्याला जानेवारीचं नाहीतर फेब्रुवारीचं आमंत्रण दे आणि व्हिसाचे कागद कोणते लागतील ते सांगून ये. एकही उरला नाही तर जानेवारीत भाषेच्या वर्गात नाव घाल, रजेचा अर्ज ऑफिसात आत्ताच देऊन ठेव म्हणजे तेव्हा अडणार नाही.